दोन्ही बाजूंची तयारी

अठरा जानेवारी. रोपवाटिकेत मिरचीचे ट्रे भरायचं काम चाललं होतं. हे काम मी बायांवर सोडून देत नाही. कोकोपीट भिजवून मोकळं करायचं, ट्रेच्या प्रत्येक खणात अलगद भरायचं, दाबायचं नाही. दाबलं की मुळी गुदमरते आणि पुढं शेतकरी येऊन आपल्यालाच बोलतो. हात भरलेले असताना फोन वाजला. शेजारी काम करणाऱ्या सरूबाईंनी तो माझ्या कानाला लावून धरला. पलीकडं मंगलचे मिस्टर, पोपटराव. "विजाताई, मंगल गेली," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "अहो, परवा तर दवाखान्यातून घरी सोडलं होतं ना तिला?" "व्हय... घरीच गेली. सकाळी च्या घेतला, उशीला टेकून बसली, आन्..." मी निघते म्हणाले आणि हातातला ट्रे पुरा केला. अर्धा भरलेला ट्रे तसाच ठेवला तर वाळून जातो.

रोपं पोचवायचा पिकअप काढला आणि इंदापूरहून लोणी भापकरच्या रस्त्याला लागले. मंगलचं माहेरही लोणीचं आणि सासरही लोणीचंच. वाटेत मी रडले नाही. मला सारखं एकच वाटत होतं, की हिच्याशी माझं एक भांडण कॉलेजपासून चालू होतं, आणि त्यातला शेवटचा शब्द आता कायमचा तिच्याकडं राहिला. वादविवादात शेवटी बोलायला मिळणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांना कळेल. आता काही आठवड्यांनी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी 'मैत्रिणीबद्दल लिहा' असं मला सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, लिहीन, पण गोड गोड जमणार नाही. मंगलवर माझा जीव होता आणि मंगलचा मला मत्सर वाटायचा. यातलं एक वगळून दुसरं लिहिलं, तर ती मंगलही नव्हे आणि मीही नव्हे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघी बारामतीच्या कॉलेजात, कला शाखेला. मी पळसदेवची, उजनी धरणाच्या पाण्याकाठची. वडिलांचा ऊस होता, कारखान्याचे ते सभासद होते, त्यामुळं मला वसतिगृहात ठेवणं त्यांना जमलं. मंगल रोज लोणीहून एसटीनं यायची. तिच्या आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी ती काढून टाकून ज्वारी-बाजरी धरली. ती अंगानं किरकोळ, आवाज जरा घोगरा, आणि वर्गात, कॅन्टीनमध्ये, सरांसमोरसुद्धा घरचीच भाषा. मला वाटायचं, ही व्यासपीठावर काय बोलणार! कॉलेजच्या निवड फेरीत मी पहिली येणार हे मी धरून चालले होते. मी पहिली आलेही. पण संघ दोघांचा असतो, आणि दुसरं नाव तिचं निघालं.

आमच्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांची एक रीत होती. एका कॉलेजचे दोन स्पर्धक. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात. दोघांचे गुण मिळून कॉलेजला फिरता करंडक, आणि त्याशिवाय वैयक्तिक पहिला, दुसरा, तिसरा. म्हणजे करंडक हवा तर जोडीदारीण चांगली बोलली पाहिजे, आणि पहिला नंबर हवा तर तिचाच मुद्दा आपण पाडला पाहिजे. एकाच एसटीतून जायचं, एकाच डब्यातली भाकरी खायची, आणि वर चढलं की एकमेकींना 'माझ्या सन्माननीय प्रतिस्पर्धी' म्हणायचं. त्यात आमच्या मोहोळकर सरांचा आणखी एक नियम. कुणाला कुठली बाजू, हे ते आधी कधीच सांगत नसत. दोघींनी दोन्ही बाजूंची तयारी करायची, आणि स्पर्धेच्या दिवशी एसटी स्टँडातून बाहेर पडली की सर मागं वळून सांगणार, "विजया बाजूनं, मंगल विरोधात," किंवा उलट. "एकच बाजू पाठ करणारा माणूस वक्ता नसतो, पोपट असतो," असं ते म्हणायचे. पुढं मंगलनं पोपट नावाच्याच माणसाशी लग्न केलं तेव्हा सर लग्नात एकटेच हसत होते.

माझी तयारी बघण्यासारखी असायची. ग्रंथालयात बसून जुनी वर्तमानपत्रं काढायची, एका मुद्द्याला एक कार्ड, कार्डाच्या वर मुद्दा, खाली दाखला, मागच्या बाजूला समोरचा काय म्हणेल ते आणि त्याला उत्तर. बाजूची कार्डं एका रबरात, विरोधाची दुसऱ्या रबरात. सर माझी कार्डं पहिल्या वर्षाच्या पोरांना दाखवायचे. मंगलकडं कागद नसायचाच. ती काय करायची, ते मी पहिल्यांदा तिच्याबरोबर लोणीला जाताना एसटीत पाहिलं. विषय होता, एसटीचं खासगीकरण व्हावं का. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला तशी ही म्हणाली, "भाऊ, यष्टी खासगी केली तर काय हुईल वो?"

"का गं, तुझा बा घेतुय का इकत?"

"आवं सांगा की. कालेजात बोलायचं हाय."

"काय सांगू? खासगीवाला तुला पासावर नेतुय व्हय? डिझेल तरी निघंल का त्याचं?"

"व्हय... आनि?"

"आनि मोडली गाडी तर तुमाला तितंच सोडून जाईल."

"व्हय. आनि?"

कंडक्टरनं तिकिटाची पेटी काखेत सारली, दांड्याला रेलला. मग म्हणाला, "आनि काय... फाट्यावरनं तू सकाळी धापा टाकत पळत येतीस. मी डायवरला म्हनतो, थांब, लोणीची पोर येतीया. खासगीत कोन कुनाची पोर म्हनून थांबनार हाय?"

त्या स्पर्धेत सरांनी तिला खासगीकरणाच्या बाजूनं उभं केलं. तिनं सुरुवातच कंडक्टरनं केली. पळत येणारी मुलगी, थांबलेली गाडी, सगळं. विरोधकांपेक्षा विरोधकांचं म्हणणं तिनं चांगलं मांडलं, आणि मग म्हणाली, "पण महोदय, तो कंडक्टर थांबतो ते सरकार सांगतं म्हणून नाही. तो चांगला माणूस आहे म्हणून थांबतो. चांगली माणसं काय फक्त सरकारच नोकरीला ठेवतं?" मी विरोधात होते. माझ्याकडं चांगली कार्डं होती, पण माझा सगळ्यात भारी मुद्दा ती माझ्याआधी बोलून, त्याला मान देऊन, बाजूला ठेवून मोकळी झाली होती. ती पहिली, मी दुसरी. परतीच्या एसटीत ती करंडक मांडीवर घेऊन झोपून गेली. मी जागी होते.

मी तिला विचारलं होतं, हे तुला कुणी शिकवलं. ती म्हणाली, "कोन शिकवनार? आमचं आबा सांगायचं. कुनाच्या रानात खतासाटी मेंढरं बसवायची तर आदी रानाच्या मालकाचं गाऱ्हानं ऐकायचं. पाऊस, भाऊबंद, समदं. त्याचं बोलून हुईस्तवर आपलं तोंड उघडायचं न्हाय. त्याला वाटलं पायजे की ह्याला माझं कळलंय. मंग त्योच म्हनतो, बसवा." एवढी साधी गोष्ट. मग मीही करून बघितली. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींना हुंड्याबद्दल विचारलं. त्या दोन वाक्यं बोलल्या, तिसऱ्या वाक्याला मी त्यांना त्यांची चूक सांगितली. त्या म्हणाल्या, "मंग मला कशाला इचारतीस? तुला येतंय की समदं." आणि भाकऱ्या थापायला लागल्या. माझ्या तोंडात ते 'आनि' बसतच नव्हतं. मंगल म्हणाली की ते दार उघडल्यासारखं वाटायचं, मी म्हणाले की तपासणी चालू आहे असं.

दुसऱ्या वर्षी इंदापूरला मोठी स्पर्धा होती. विषय: मोठ्या धरणांनी खेड्यांचं भलं झालं आहे. सूचनाफलकावर तो वाचला तेव्हा मला आनंद झाला. म्हटलं, हा विषय माझ्या घरचा आहे. उजनीच्या पाण्यात आमचं जुनं गाव गेलं तेव्हा मी चार-पाच वर्षांची होते. गाव वर आलं आणि आम्ही वरच वाढलो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ दिसतं, बघायला माणसं येतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आमच्या घराला त्या पाण्यानं मोटार दिली, ऊस दिला. बाजू मिळो की विरोध, दोन्हीकडं मीच भारी पडणार होते. तर मंगल म्हणाली, "विजे, मला तुझ्या घरी नेतीस का? दोन दिस?"

नाही कसं म्हणणार. नेली. माझे वडील, तात्या, म्हणजे कमी बोलणारा माणूस. जेवताना 'वाढ' आणि 'बास', शेतावर 'मोटर चालू कर' आणि 'बंद कर', एवढ्यावर त्यांचा दिवस जायचा. मला वाटायचं त्यांच्यात तेवढंच आहे. सकाळी ते पाण्याकाठी मोटारीकडं निघाले तशी मंगल त्यांच्या मागं गेली. मी घरात बसून कार्डं लिहीत होते: किती रान भिजलं, वीज आली, साखर कारखाने आले. खिडकीतून मला दोघं पाइपावर बसलेले दिसत होते. तात्या हातानं पाण्यात काहीतरी दाखवत होते. वारा इकडचा होता, मधूनमधून तिचा घोगरा आवाज यायचा, "व्हय... आनि?" आणि मग तात्यांचा, बराच वेळ. आई चुलीपाशी थांबली, बाहेर बघत राहिली. म्हणाली, "काय चेटूक केलं गं ह्या पोरीनं? माझं लगीन झाल्यापासनं ह्या मानसानं माझ्याशी एवढं बोलनं केलं न्हाय." आई हसत होती. मला हसू येत नव्हतं. माझ्या बापाला मी कधी तेवढा वेळ बोलताना पाहिलं नव्हतं, आणि आता बोलत होता तर तो दुसऱ्या पोरीशी.

जेवायला आल्यावर मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "काय म्हणत होते तात्या?"

"सांगंन की. सरांना बाजू तर देऊ दे."

"माझ्या वडिलांचं मला सांगायला सरांची परवानगी लागते का?"

"तसं न्हाय गं. स्पर्धा हाय न्हवं." आणि डोळा मारून भाकरी मोडायला लागली. तात्यांनी त्या दिवशी 'बास' म्हणायच्या ऐवजी तिला म्हटलं, "घे अजून, बारीक हायेस." मी पण बारीकच होते.

एसटी बारामतीच्या स्टँडातून बाहेर पडली आणि सर वळून म्हणाले, "विजया बाजूनं, मंगल विरोधात." माझी कार्डं तयार होती. इंदापूरला बाजाराचा दिवस होता, सभागृह भरलं होतं, आणि तिसऱ्या रांगेत, गुडघ्यावर पिशवी ठेवून, तात्या बसले होते. मी येणार म्हणून आलेत, असं मला वाटलं. मी बोलले. चांगली बोलले, आजही सांगते. सूचनेची घंटा झाली तेव्हा माझे सगळे मुद्दे संपले होते आणि समारोपाला वेळ शिल्लक होता. मग मंगल उभी राहिली.

"सभापती महोदय, मी ज्या घरी परवा दोन दिवस जेवले, त्या घरात धरणाच्या पाण्यानं ऊस आला, पक्कं छत आलं आणि पोरगी कॉलेजात आली. हे त्या घरचा कर्ता मला स्वतः म्हणाला, आणि ते खरं आहे. मी ते खोडणार नाही." विरोधात बोलणारी मुलगी काहीच खोडत नव्हती. "मग मी त्यांना विचारलं, गाव सोडायच्या आधी तुम्ही शेवटचं काम काय केलंत? ते म्हणाले, खळं सारवलं. पाणी येणार हे त्यांना ठाऊक होतं. त्या खळ्यावर परत मळणी होणार नाही हेही ठाऊक होतं. तरी शेण कालवलं, खळं सारवून काढलं, आणि मग गाडी जुंपून वर आले. महोदय, भलं झालं असेल. पण ज्याचं भलं झालं, त्याला भलं करायच्या आधी कुणी काही विचारलं का?"

मी व्यासपीठावर खुर्चीत बसले होते आणि मला कळत नव्हतं मी कुठं बघू. आमचं खळं... आमचं असं खळं होतं हेसुद्धा मला नीट ठाऊक नव्हतं. मी त्या घरातली पोर, आणि माझ्या घरची गोष्ट मी इंदापूरच्या सभागृहात, परक्या माणसांबरोबर ऐकत होते. समजा सरांनी मला विरोधात उभं केलं असतं, तर हे माझ्याकडं नसतंच. आणि ती बाजूनं उभी असती, तरी तिच्याकडं असतं.

रीतीप्रमाणं बाजूनं बोलणाऱ्याला शेवटी दोन मिनिटं खंडनाला मिळायची. मी उठले. कार्डं टेबलावरच ठेवली. म्हणाले, "महोदय, माझ्या सन्माननीय प्रतिस्पर्धी ज्यांच्या वतीनं बोलल्या, ते खळ्याचे मालक इथं तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांनाच विचारा, भलं झालं की नाही!" सभापती घंटा वाजवायला लागले, प्रेक्षकांना बोलता येत नाही, हा नियमच आहे. पण सगळे मान वळवून बघायला लागले तसे तात्या बिचारे उभे राहिले, टोपी काढली, हात जोडले. म्हणाले, "दोगी बी खरं बोलत्यात. मी आपला ऐकाया आलोय." आणि खाली बसले. काय टाळ्या पडल्या! परीक्षकांनी माझे गुण कापले की नाही ठाऊक नाही, पण तो मुद्दा बिनतोड होता असं माझं मत आजही आहे. मंगल पहिली, मी दुसरी, करंडक कॉलेजला. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मंगल, करंडक आणि माझा कोपर दिसतो.

तेव्हापासून मी घरी गेले की तात्या विचारायचे, "एकलीच आलीस?" हंगामात मक्याची कणसं पोत्यात बांधून द्यायचे, "लोणीच्या वकिलीनबाईला दी." ती काही वकील झाली नाही. शाळेत शिक्षिका झाली, वर्षानुवर्षं पोरांना वादविवादाला तयार करत राहिली. मी लग्न होऊन इंदापूरला आले, रोपवाटिका टाकली, नावारूपाला आणली. मला वाटलं होतं, आता संपलं. कसलं संपतंय! शाळेत नवा विषय लागला की तिचा फोन. "विजे, गृहपाठ बंद करावा का गं?" मी लगेच, "अजिबात नाही." "व्हय... आनि?" मी ट्रे मोजता मोजता, गिऱ्हाइकाला थांबवून, तावातावानं बोलत सुटायचे. आपण भांडतोय असंच मला वाटायचं. पुढं माझी मुलगी बारामतीला आंतरशालेय स्पर्धेत उभी राहिली, मी शिकवलेली, कार्डांसकट. तिच्या विरोधात मंगलच्या शाळेतली एक परकरी पोरगी. त्या पोरीनं सुरुवात केली आणि मी खुर्चीत ताठ झाले. आठवड्यापूर्वी मी फोनवर जे बोलले होते, तेच, पण मी बोलले होते त्यापेक्षा नीट लावलेलं. आणि मग तिनं ते अलगद बाजूला ठेवलं. म्हणजे विरोधी मताचं माणूस शोधायला मंगलला आता एसटीत जावं लागत नव्हतं. तिला मी सापडले होते. संध्याकाळी मी फोन करून चांगली झापली. ती शांतपणे म्हणाली, "आगं, तुझ्याएवढं मनापासनं चुकीचं बोलनारं दुसरं कोन हाय मला?"

शेवटचा फोन दवाखान्यातून होता. आवाज फारच बसला होता. विषय, मुलांनी आईबापांची शेती सांभाळावी का. मी म्हटलं, गप पडून राहा, बरी झालीस की भांडू. "तू बोल गं. मी ऐकती..." पण मिरचीचं बी घेऊन माणूस आला होता, आणि मला खरंच काम होतं. ठेवला.

लोणीला पोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं. तिचे विद्यार्थी, मोठे झालेले, मिशा आलेले, कडेवर पोरं असलेल्या पोरी. रडत होते आणि प्रत्येकाचं एकच चाललं होतं, "बाई आमचं ऐकून घ्यायच्या." मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या मनात आलं, माझ्या वेळी कोण येणार, मिरचीवाले. माणूस जमिनीवर ठेवलेलं असताना असले विचार येतात. पोपटरावांनी मला बघितलं आणि म्हणाले, "विजाताई, तुमाला लय मानायची." मी म्हटलं, "मला वापरायची." ते रडता रडता हसले. म्हणाले, "व्हय. ते बी सांगायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोपवाटिकेत गेले नाही. तात्यांना फोनवर सांगणं बरं नव्हतं, म्हणून पळसदेवला गेले. तात्या आता ऐंशीच्या पुढचे. आई केव्हाच गेली, भाऊ-वहिनी ऊस तोडणीवर होते, ते एकटेच ओट्यावर उन्हाला बसले होते. मी समोर बसून सरळ सांगितलं, "तात्या, मंगल गेली." त्यांनी पाण्याकडं बघितलं. म्हणाले, "लय ऐकायची ती."

मला लागलं. म्हणणार होते, मीही दर आठवड्याला येते, तुमच्या गोळ्या आणते, डोळ्यांचं ऑपरेशन मी करवून घेतलं. तीनही मुद्दे ओळीनं तयार होते. ते गिळले, आणि आयुष्यात पहिल्यांदा, फार अवघडून, म्हणाले, "हं... आणि?"

तात्यांनी माझ्याकडं जरा चमकून पाहिलं. "आनि... तिला मी खळ्याचं सांगितलं हुतं."

"ठाऊक आहे. इंदापूरला बोलली होती ती. तुम्ही खळं सारवलंत, आणि मग वर आलात." आणि परत गप्प बसले. अवघड काम आहे ते.

"मला काय हौस हुती व्हय?" तात्या म्हणाले. "तू हट्ट धरलास. दर साली खळं सारवलं की वल्यावर पावलं उमटवायचा नाद तुला. समद्यांची गाडी भरून झाली, आन् तू खळ्यात बसून रडाय लागलीस, सारवा म्हून. तुझी आय म्हनली, दोन धपाटं घालून गाडीत टाका. माझा काय हात उठंना. मग कालवलं श्यान, सारवलं. तू ह्या टोकापासनं त्या टोकापातुर पावलं उमटवलीस, आन् मग गप गाडीत बसलीस." "हे बी सांगितलं हुतं तिला. ती म्हनली, तात्या, एवढं मी विजीला सांगनार न्हाय. ते तुमी सांगा. पर तू कदी इचारलंच न्हाईस."

मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. मी तिथं बसून जुन्या सवयीनं हिशेब लावला. पावलं तिच्याकडं होती. व्यासपीठावर तिनं खळं वापरलं आणि पावलं ठेवून दिली. ती काढली असती, तर शेवटची दोन मिनिटं मला खुर्चीतून उठताच आलं नसतं. हातात आलेला सगळ्यात भारी मुद्दा तिनं टाकून दिला, आणि तरी पहिली आली. याचा मला जेवढा मत्सर वाटला, तेवढा त्या करंडकाचा कधी वाटला नव्हता.

"च्या टाकतीस का?" तात्या म्हणाले.

उठले, आत गेले, गॅस पेटवला. त्यांना साखर कमी, मला जास्त. पातेल्यात दूध ओतता ओतता, खिडकीतून ओट्याकडं तोंड करून, जरा मोठ्यानं विचारलं, "आणि?"